'एस315टी' म्हणजे प्रथिनात नेमकं काय बदलतं?

तुर्भ्यातल्या किंवा कळव्यातल्या टीबीच्या पेशंटचा बेडका लाइन प्रोब चाचणीला (जंतूच्या जनुकांतले बदल शोधणाऱ्या) गेला, की अहवालात कधी कधी 'केटजी एस315टी' अशी नोंद येते. केटजी हे क्षयजंतूचं एक प्रथिन; एस315टी म्हणजे त्याच्या 315व्या जागी सेरीनऐवजी (एस) थ्रिओनीन (टी) हे अमिनो आम्ल आलं आहे. जंतू आयसोनियाझिड या टीबीच्या औषधाला दाद देत नाही, एवढा तिचा अर्थ सांगितला जातो. तो का दाद देत नाही, हे मात्र ऐरोली-नेरुळच्या कॉलेजातली विद्यार्थिनी साध्या लॅपटॉपवर फुकट पाहू शकते. क्षयजंतूच्या प्रथिनांच्या त्रिमितीय संरचना प्रोटीन डेटा बँक आणि अल्फाफोल्ड या संग्रहांत सर्वांना खुल्या आहेत.

सुरुवात युनिप्रॉट या प्रथिनांच्या माहितीसंग्रहापासून करावी, आणि तीही क्रमांकाने. नुसतं 'केटजी' टाकलं तर ई. कोलायसकट कितीतरी जंतूंची प्रथिनं समोर येतात. एच37आरव्ही या प्रमाण वाणाचा सुमारे 44 लाख अक्षरांचा जीनोम 1998 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातल्या जवळपास 4,000 जनुकांना क्रमांक आहेत. केटजीचा क्रमांक आरव्ही1908सी. शेवटचा 'सी' गाळू नये. जनुक डीएनएच्या उलट्या धाग्यावर आहे, हे तो सांगतो.

या पानावरून प्रयोगाने मिळवलेल्या संरचनेकडे जा. 740 अमिनो आम्लांच्या साखळीत 315वं सेरीन शोधलं, की ते हीमकडे (प्रथिनात बसलेल्या लोहयुक्त रेणूकडे) जाणाऱ्या अरुंद वाटेवर बसलेलं दिसतं. आयसोनियाझिड स्वतः जंतूला मारत नाही. केटजी त्याला जागं करतं, मग ते जंतूच्या पेशीतल्या एनएडी या रेणूला चिकटतं आणि ही जोडगोळी इन्हए हे प्रथिन बंद पाडते. जंतूच्या मेणचट कवचाची लांब स्निग्धाम्लं त्याशिवाय तयार होत नाहीत. सेरीनच्या जागी थ्रिओनीन आलं, की एक मिथिल गट वाढतो: एक कार्बन, तीन हायड्रोजन. तेवढ्याने वाट आवळते. औषध अडतं, पण केटजीचं जंतूसाठीचं नेहमीचं काम बऱ्यापैकी चालू राहतं. हा बदल इतका का आढळतो, याचं उत्तर बरंचसं इथेच आहे.

आता चुका कुठे होतात ते. अल्फाफोल्डची संरचना हे संगणकाचं भाकीत आहे, आणि त्या फाइलमध्ये हीम नसतं. तिथे रिकामी खोबण दिसते. प्रोजेक्टसाठी डॉकिंग (रेणू प्रथिनात कसा बसेल याचा संगणकावरचा अंदाज) करणारे औषधाचा रेणू नेमका त्या खोबणीत बसवतात आणि गुण उत्तम येतात. प्रत्यक्षात ती जागा आधीच भरलेली असते. केटजीसाठी प्रयोगाची फाइलच घ्यावी. शिवाय एस315टीचा क्रम घालून नवं भाकीत काढलं, तर जवळजवळ तोच आकार परत येतो. त्यावरून 'बदलाचा परिणाम नाही' असा निष्कर्ष काढणं साफ चूक.

दुसरी गफलत रंगांची. प्रयोगाच्या फाइलमध्ये ज्या रकान्यात बी-फॅक्टर असतो, तिथे आकडा जितका मोठा तितका तो भाग डळमळीत. अल्फाफोल्ड त्याच रकान्यात खात्रीचा गुण लिहितं: 90 च्या वर म्हणजे भक्कम, 50 च्या खाली म्हणजे त्या भागाच्या आकारावर विसंबू नये. दोन्ही फाइलींना एकच रंगपट्टी लावली, तर अर्थ उलटा होतो.

रिफाम्पिसिन या टीबीच्या दुसऱ्या औषधाचं लक्ष्य असलेल्या आरपीओबी या प्रथिनात क्रमांक फसवतात. जुन्या लेखांतला 531वा सेरीन ई. कोलायच्या मोजणीतला आहे. क्षयजंतूच्या फाइलमध्ये तो 450वर शोधावा.