सामायिक बाजार-फीड

ब्रोकरमार्फत येणारे थेट भाव एकाच लॉगिनवर एका संगणकात घेऊन तिथून दुसऱ्या संगणकाला पुरवण्याच्या व्यवस्थेला सामायिक बाजार-फीड म्हणतात. बेळगाव, निपाणी, खानापूर या सीमाभागात ती उपयोगी पडते ती खाली दुकान आणि माडीवर ट्रेडिंगची खोली असलेल्या घरांत, तसेच एमसीएक्स या वायदेबाजाराचे सोने-चांदीचे भाव रात्री साडेअकरापर्यंत (अमेरिकेतल्या हिवाळी वेळेत 11:55 पर्यंत) पाहणाऱ्या सराफी पेढ्यांवर.

दोन्हीकडे स्वतंत्र लॉगिन करणे सोपे वाटते, पण काही ब्रोकरांकडे दुसरे लॉगिन होताच पहिले सत्र तुटते. जिथे परवानगी आहे तिथेही मर्यादा असते. झिरोधा या ब्रोकरच्या काइट कनेक्टमध्ये (स्वतःचा प्रोग्राम जोडण्याची सोय) एका एपीआय कीवर, म्हणजे प्रोग्रामला दिलेल्या ओळख-किल्लीवर, 3 वेबसॉकेट जोडण्या (सतत उघड्या राहणाऱ्या) आणि प्रत्येकीवर 3000 स्क्रिप (शेअर किंवा वायदे) चालतात. शिवाय असा फीड प्रत्येक सौदा पाठवत नाही, ठरावीक क्षणांचे भाव पाठवतो. त्यामुळे दोन जोडण्यांवर बनलेल्या कँडलचे (चार्टवरच्या ठरावीक वेळेच्या पट्टीचे) हाय-लो, म्हणजे सर्वांत वरचे-खालचे भाव, जुळतीलच असे नाही.

मुख्य संगणकावरचा छोटा प्रोग्राम वेबसॉकेटवरून टिक (भावाची प्रत्येक नवी नोंद) घेतो आणि झीरोएमक्यू किंवा रेडिस या संदेश पोचवणाऱ्या सॉफ्टवेअरवर प्रसारित करतो. दुसरा संगणक फक्त ऐकतो. मुख्य संगणकाचा आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) राउटरमध्ये कायमचा राखून ठेवावा, विंडोज फायरवॉलमध्ये तेवढेच पोर्ट खासगी नेटवर्कपुरते उघडावे आणि स्लीप मोड बंद करावा. काइटच्या संपूर्ण तपशिलाचे पॅकेट 184 बाइटचे असते. सेकंदाला एक टिक धरली तर 200 स्क्रिपचा भार 0.3 एमबीपीएससुद्धा होत नाही. म्हणजे वाय-फायचा वेग पुरतो, पण जुन्या घरांच्या जाड भिंतींपलीकडे सिग्नल तुटक होतो. माडीपर्यंत कॅट-5ई केबल ओढणेच बरे. पावसाळ्यात वीज झटक्याने जाते-येते, म्हणून राउटर आणि फायबरचा डबाही यूपीएसवर हवा. नुसता संगणक चालू राहून उपयोग नाही.

एक्सेलवरून भाव वाटणाऱ्यांची वेगळी अडचण असते. डीडीई ही एका प्रोग्राममधून दुसऱ्यात आकडे नेण्याची जुनी पद्धत आहे; ती नेटवर्कवर चालवणारी सोय विंडोज व्हिस्टापासून काढून टाकली आहे. आरटीडी या एक्सेलमध्ये थेट आकडे आणणाऱ्या नव्या पद्धतीत एक्सेल मुळात 2 सेकंदांनी ताजे होते, आणि कुणी सेलमध्ये टाइप करत असेल तर तेवढा वेळ भाव थांबतात.

फीड बंद पडून पडदा कोरा झाला तर लगेच कळते. खरा धोका शिळ्या भावाचा: जोडणी तुटलेली, पडद्यावर मात्र शेवटचा आकडा तसाच, आणि त्यावर ऑर्डर जाते. म्हणून प्रत्येक टिकला मुख्य संगणकाने वेळ जोडावी आणि दर सेकंदाला ‘चालू आहे’ असा एक छोटा संदेश पाठवावा. 3 सेकंद तो आला नाही तर दुसऱ्या संगणकाने भाव लाल करून ऑर्डर थांबवाव्यात. हा संदेश घरातल्या जोडणीपुरताच बोलतो. ब्रोकरकडून शेवटचे काही केव्हा आले, ती वेळही त्यातच पाठवावी. एखाद्या स्क्रिपची टिक आली नाही एवढ्यावरून काही ठरवू नये, कारण कमी उलाढालीच्या शेअरमध्ये मिनिटभर शांतता असू शकते. दोन्ही घड्याळे एनटीपीने (इंटरनेटवरून वेळ जुळवण्याची पद्धत) जुळवलेली नसतील तर या वेळांची तपासणीच खोटी ठरते.

दुसरा संगणक मंदावला तर झीरोएमक्यू मुळात 1000 संदेशांची रांग भरल्यावर पुढचे मुकाट्याने टाकून देतो. फीडमधला व्हॉल्यूम दिवसभराचा एकूण असतो. त्यामुळे गळलेल्या टिकांचा व्हॉल्यूम पुढच्या कँडलमध्ये एकदम येऊन खोटी उसळी दिसते, आणि मधला हाय-लो कायमचा हरवतो. साडेदहाला सुरू केलेल्या संगणकाला सव्वानऊला शेअर बाजार उघडल्यापासूनचे काहीच मिळत नाही; मुख्य संगणकाने प्रत्येक स्क्रिपचा शेवटचा भाव जपून तो सुरुवातीलाच द्यावा आणि मागच्या कँडल हिस्टॉरिकल डेटामधून भराव्यात.

ऑर्डर मात्र एकाच संगणकावरून जाव्यात. एकच स्ट्रॅटेजी (आपोआप ऑर्डर टाकणारा प्रोग्राम) दोन्हीकडे चालू राहिली तर सौदा दुप्पट होतो.

वाटणी करण्याआधी ब्रोकरचा करार वाचावा. स्वतःच्या दोन संगणकांपुरती सोय आणि शेजारच्या गाळ्याला भाव पुरवणे यांत फरक आहे: एक्स्चेंजचा डेटा इतरांना पुरवायचा तर वेगळा परवाना लागतो.