हातावर ससाणा हवाय? मग आधी वजनकाटा समजून घ्या

नाशिकच्या पिंपळगाव, दिंडोरी, निफाडच्या पट्ट्यात द्राक्षांच्या मण्यांत साखर भरू लागली की भोरड्या, साळुंक्या आणि बुलबुल बागांवर उतरतात. कुणी जाळी टाकतो, कुणी चकचकीत पट्ट्या बांधतो, कुणी फटाके फोडतो. हल्ली एखादा तरुण बागायतदार मोबाइलवरचा व्हिडिओ पुढे धरतो आणि विचारतो, आखाती देशांत लोक हातावर ससाणा घेऊन फिरतात, तसा आपल्याला पाळता येईल का? सुरुवात कुठून करायची?

कायद्याचं उत्तर छोटं आहे : येणार नाही. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार ससाणा किंवा शिक्रा हा छोटा शिकारी पक्षी पकडणं, पाळणं, विकणं हा गुन्हा आहे. बहिरी ससाण्यासारख्या पहिल्या अनुसूचीतल्या, म्हणजे सर्वाधिक संरक्षण असलेल्या पक्ष्याच्या बाबतीत तर किमान ३ आणि कमाल ७ वर्षांची कैद होऊ शकते. परदेशी जातीचा पक्षी कागदपत्रांसह आणला, तरी त्याच्याकडून ससा-तितर मारून घेणं ही शिकारच ठरते. म्हणजे पळवाटही नाही.

तरी प्रश्न चांगला आहे. कारण शिकारी पक्षी हातावर फिरवण्याची ही विद्या नेमकी कशावर चालते हे समजलं, तर आपल्या बांधावरच्या बाभळीवर बसलेला शिक्रा वेगळाच दिसू लागतो.

पहिला गैरसमज हा की ससाणा माणसाळतो. तो माणसाळत नाही. कुत्रा कळपात राहणाऱ्या पूर्वजांचा वंशज आहे. त्याला मालकाची मर्जी कळते, रागावलेलं कळतं. बहुतेक शिकारी पक्षी एकटे किंवा जोडीने जगतात. आपल्यापेक्षा वरचा कुणीतरी आहे, त्याचं ऐकायचं, ही भानगडच त्यांच्या डोक्यात नाही. ओरडलात किंवा फटका मारलात तर तो सुधारत नाही, फक्त तुमच्यापासून दूर राहायला शिकतो. हातावर परत येण्यासाठी त्याच्याकडे एकच कारण असतं, ते म्हणजे तिथे हमखास मिळणारं मांस.

म्हणून जिथे ही विद्या कायदेशीर आहे, तिथे शिकाऊ माणसाच्या हाती आधी वजनकाटा येतो. पक्षी रोज ठरावीक वेळेला तोलायचा, ग्रॅममध्ये नोंद करायची. सुरुवातीला तो चामड्याच्या हातमोज्यावर बसून मांस खातो. मग त्यासाठी एक पाऊल पुढे येतो, मग उडी मारतो, मग पायाला लांब दोरी बांधलेली असताना काही मीटर उडून येतो. दोरी सुटण्याचा दिवस मात्र काटा ठरवतो. पोट भरलेला पक्षी झाडावर बसून राहील आणि तुमच्याकडे ढुंकूनही पाहणार नाही. वजन फार उतरलेल्या पक्ष्याच्या अंगात उडायची ताकद नसते, त्याला झटके येऊन तो मरूही शकतो. या दोन्हींच्या मधल्या पट्ट्यात तो तरतरीत असतो, भुकेला असतो आणि परत येतो. प्रत्येक पक्ष्याचा हा पट्टा वेगळा, आणि ऋतूप्रमाणे सरकणारा.

नर शिक्रा साधारण सव्वाशे ग्रॅमचा, द्राक्षाच्या एका छोट्या घडाएवढा. एवढ्याशा देहात तीन-चार ग्रॅमची घट म्हणजे मोठी गोष्ट. शिवाय शरीर जितकं लहान, तितका वजनाच्या मानाने त्याचा पृष्ठभाग जास्त आणि उष्णता निसटण्याचा वेग जास्त. निफाडला थंडीची लाट येते, पारा घसरून बागायतदार रात्री बागेत शेकोट्या पेटवतात, तशा एका रात्रीत लहान पक्ष्याची साठवलेली चरबी झपाट्याने जळते. काल बरोबर असलेलं वजन आज सकाळी धोक्याचं ठरतं. म्हणूनच पाश्चात्त्य देशांत नवशिक्याला छोटा पक्षी हाती घेऊ नको असं बजावतात. ब्रिटनमध्ये बहुतेकांची सुरुवात अमेरिकेतून आलेल्या हॅरिस हॉकपासून होते. हा पक्षी अंगाने मोठा, त्यामुळे थोडी चूक खपवून घेतो आणि मुळात टोळीने शिकार करणारा असल्यामुळे सोबत माणूस असण्याला फारसा बिचकत नाही. अमेरिकेत तर परवानगीसाठी लेखी परीक्षा, पिंजऱ्याची तपासणी आणि जाणत्या माणसाच्या हाताखाली दोन वर्षांची उमेदवारी लागते.

आपल्याकडे पूर्वी उलटं होतं. शिक्रा सहज शिकतो म्हणून तो आवडीचा, आणि मौल्यवान ससाण्यांसाठी रोजचं खाणं मिळवायलाही त्यालाच पाठवत. चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या बाराव्या शतकातल्या ‘मानसोल्लास’ या ग्रंथात श्येनविनोद, म्हणजे शिकारी पक्ष्यांचा खेळ, राजाच्या करमणुकींत नोंदवला आहे. तेव्हा ग्रॅमचे काटे कुठले? मुरलेले लोक छातीच्या मधल्या हाडावरून बोट फिरवून दोन्ही बाजूंचं मांस किती भरलंय ते सांगत. ही पद्धत आजही पशुवैद्य वापरतात.

डोक्यावरची चामडी टोपी शोभेची वाटते, पण तिचं कारण डोळ्यांत आहे. या पक्ष्यांना जगातली जवळजवळ सगळी भीती डोळ्यांवाटे येते. अंधार केला की ते शांत होतात. बहिरी ससाण्याला सेकंदाला सुमारे १२९ वेळा लुकलुकणारा दिवा लुकलुकतानाच दिसतो. आपल्याला सर्वसाधारणपणे ५०-६०च्या पुढे तो सलग पेटलेला भासतो. ससाण्याच्या प्रत्येक डोळ्यात तीक्ष्ण दृष्टीचे दोन बिंदू असतात आणि त्यातला जास्त तीक्ष्ण बिंदू समोर नाही, बाजूला तिरका बघतो. मग भक्ष्यावर नजर रोखायची तर डोकं वळवावं लागणार, आणि सुसाट वेगात डोकं वळवलं की हवेचा अडथळा वाढणार. यावरचा ससाण्याचा तोडगा व्हान्स टकर या शास्त्रज्ञाने २००० साली मांडला : तो सरळ रेषेत येतच नाही. डोकं सरळ ठेवून, भक्ष्य तिरक्या नजरेत धरून गोलाकार वळणाने जवळ येतो. वाट लांबते, पण वेग टिकतो म्हणून वेळ वाचतो. भक्ष्यावर शेवटचा सूर मारताना हा वेग ताशी ३०० किलोमीटरच्या वर जातो.

जाता जाता एक गंमत. ससाणे आणि शिक्रा दिसायला भाऊबंद वाटतात, पण जनुकांवरून पाहिलं तर ससाण्यांचं जवळचं नातं पोपटांशी निघतं. बागेत धुमाकूळ घालणारा पोपट हा शिक्र्यापेक्षा ससाण्याला जवळचा! मारण्याची रीतही वेगळी. शिक्रा पायांच्या नख्यांनी आवळून मारतो, तर ससाण्याच्या वरच्या चोचीला दातासारखा टोकेरी भाग असतो, त्याने तो भक्ष्याची मान मोडतो.

या विद्येला निव्वळ राजेलोकांचा षोक म्हणून निकालात काढणाऱ्यांना एक गोष्ट सांगावीशी वाटते. गेल्या शतकाच्या मध्यावर डीडीटी या कीटकनाशकाचे अंश भक्ष्यातून बहिरी ससाण्याच्या शरीरात साठले आणि अंड्यांची कवचं इतकी पातळ झाली की उबवायला बसलेल्या मादीच्या वजनाने ती फुटू लागली. अमेरिकेच्या पूर्व भागातून हा पक्षी प्रजननासाठी नाहीसाच झाला. अमेरिकेने १९७२मध्ये डीडीटीवर बंदी घातली, पण नाहीसे झालेले पक्षी बंदीने परत येत नसतात. १९७०मध्ये टॉम केड यांच्या पुढाकाराने स्थापन झालेल्या पेरेग्रिन फंड या संस्थेने ससाणे पाळणाऱ्यांचं जुनं तंत्र वापरलं. पिल्लं उंच जागी पेटीत ठेवायची, माणूस दिसू न देता खाणं पुरवायचं आणि ती आपसूक उडून शिकार शिकेपर्यंत थांबायचं. १९९९मध्ये बहिरी ससाणा तिथल्या धोक्यातल्या प्रजातींच्या यादीतून बाहेर आला.

आता बागायतदाराच्या मूळ अडचणीकडे येऊ. न्यूझीलंडच्या मार्लबरो भागातही द्राक्षबागा आहेत आणि तिथेही पक्षी मणी खातात. तिथे २००५पासून डोंगरातले स्थानिक ससाणे बागांमध्ये आणून सोडले गेले. हातमोजा नाही, मालक नाही, पक्षी मोकळे. २०१२मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ससाणे असलेल्या बागांत पक्ष्यांनी तोडून नेलेल्या मण्यांची संख्या ९५ टक्क्यांनी कमी आढळली. ससाण्याने एकूण एक पक्षी मारला म्हणून नव्हे. वर कुणीतरी फिरतंय हे कळल्यावर बाकीच्यांनी जेवणाची जागा बदलली, म्हणून. आपला शिक्रा त्या ससाण्याइतका पक्षीखाऊ नाही, सरडे, उंदीर, नाकतोडेही खातो. पण तत्त्व तेच, आणि बांधावरचा कडुनिंब किंवा बाभूळ तोडली नाही तर तो फुकट येतो. मात्र उंदरांसाठी ब्रोमॅडिओलोनसारखं रक्त पातळ करणारं विष टाकलं, तर मरायला टेकलेला सुस्त उंदीर खाऊन शिकारी पक्षी आणि गव्हाणी घुबडंही मरतात. एका हाताने राखणदार बोलवायचा आणि दुसऱ्या हाताने त्याला विष घालायचं, असा हा प्रकार.

नाशिककरांनी सुरुवात करायची ती दुर्बिणीने. पहिला धडा शिक्रा आणि पावशा वेगळे ओळखण्याचा. ‘पेरते व्हा’ म्हणणारा पावशा करड्या पाठीने, पट्ट्यापट्ट्यांच्या शेपटीने आणि उडण्याच्या लकबीनेही थेट शिक्रा वाटतो. लहान पक्षीसुद्धा फसतात आणि त्याच्या मागे लागतात. चोच बघा : शिक्र्याची आकडीसारखी वाकलेली, पावशाची जवळपास सरळ. नुसत्या आवाजावर विसंबू नका, कारण कोतवाल शिक्र्याची हुबेहूब नक्कल करतो. हिवाळ्यात नांदूर मध्यमेश्वरला जा. गोदावरी-कादवाच्या संगमाजवळचं हे पाणथळ राज्यातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा ठरलं. तिथे पाणकणसावरून पंख इंग्रजी व्ही अक्षरासारखे उचलून संथ तरंगणारा दलदल भोवत्या आणि त्याच्यामुळे एकदम उठणारे बदकांचे थवे, दोन्ही पाहायला मिळतात. कापशी घार शेतांवर एका जागी फडफडत थांबते ती नुसती पाहा. किती वेळा झेपावते, किती वेळा रिकाम्या पायांनी परत येते, हे वहीत लिहा. वजनकाट्यावर मांडायचा हिशोब तुम्हाला उघड्यावर दिसेल.

आणि शिकारी पक्षी खरोखर हातात घ्यायची वेळ इकडे येते ती संक्रांतीच्या सुमारास. येवल्याच्या पतंगांची मजा काही औरच, पण बंदी असूनही विकल्या जाणाऱ्या नायलॉन मांज्याने घारींचे पंख कापले जातात. असा पक्षी दिसला तर त्याच्या डोक्यासकट अंगावर जाड कापड टाका, चोचीपेक्षा नख्या सांभाळा, आणि भोकं पाडलेल्या खोक्यात अंधारात ठेवा. अंधाराने तो शांत होतो, टोपीमागचं कारण हेच. अडकलेला मांजा ओढू नका, पक्ष्याजवळ कापून टाका. चोचीत पाणी ओतू नका, ते श्वासनलिकेत जातं. मांसही देऊ नका, धक्क्यातल्या पक्ष्याला ते पचत नाही. वनविभागाचा १९२६ हा क्रमांक फिरवा आणि तोवर खोक्याचं झाकण पुन्हा पुन्हा उघडून बघू नका.