वोल्सिनी म्हणजे ऑर्विएतो की बोल्सेना?

रोमनांच्या आधी मध्य इटलीत नांदलेल्या एट्रस्कन लोकांविषयी काहीही वाचायला घ्या, वोल्सिनी हे नाव भेटतंच. घोळ असा की या नावाची शहरं दोन आहेत. एक उंच कड्यावरचं, आजचं ऑर्विएतो. दुसरं तळ्याकाठचं, आजचं बोल्सेना. दोघांत रस्त्याने जेमतेम वीस किलोमीटर अंतर.

आधीचं वोल्सिनी कड्यावरचं, असं आज बहुतेक अभ्यासक मानतात. एट्रस्कन भाषेत ते वेल्झना. ज्वालामुखीच्या राखेपासून बनलेल्या खडकाचा तो सपाट माथा, चारी बाजूंनी सरळ तुटलेला. तटबंदी जणू निसर्गानेच बांधून दिलेली. पायथ्याच्या दफनभूमीत इ.स.पू. सहाव्या शतकातल्या थडग्यांच्या सरळ गल्ल्या आहेत आणि अनेक दारांवर घराण्याचं नाव कोरलेलं आहे. ती दारं म्हणजे मला या शहराची हजेरीच वाटते.

पुढे या शहरात सत्ता मुक्त झालेल्या गुलामांच्या हाती गेली. जुन्या सरदार घराण्यांनी रोमकडे मदत मागितली आणि ती फार महागात पडली. इ.स.पू. 264 मध्ये रोमचा कॉन्सल, म्हणजे सर्वोच्च अधिकारी, मार्कस फुल्वियस फ्लाकस याने शहर घेतलं, पाडलं आणि उरलेल्या लोकांना तळ्याजवळ नेऊन वसवलं. दोन हजार पुतळ्यांच्या लोभापायी रोमनांनी वोल्सिनी लुटलं, असा आरोप एका ग्रीक लेखकाने केल्याचं रोमन लेखक प्लिनीने नोंदवलं आहे. रोममध्ये सापडलेल्या एका दगडी चौथऱ्यावर तर ‘वोल्सिनी घेतल्यावर’ फुल्वियसने दान दिल्याचा लेख आहे.

लोक गेले, नावही त्यांच्याबरोबर गेलं. म्हणून वाचताना आधी साल बघावं. पुतळ्यांचं वोल्सिनी कड्यावरचं; सम्राट तिबेरियसचा बलाढ्य अधिकारी सेजानस ज्या वोल्सिनीचा, ते मात्र तळ्याकाठचं. तिथलं फोरम (शहराचा मुख्य चौक) आणि घरं उत्खननात सापडली आहेत. त्याच नावाचं पुढे बोल्सेना झालं. मागे राहिलेल्या कड्याला लोक लॅटिनमध्ये ‘उर्ब्स वेतुस’, म्हणजे जुनं शहर, म्हणू लागले, त्याचंच ऑर्विएतो. स्वतःचं नाव हरवलेल्या गावाला आपलं वय तेवढं नावात टिकवता आलं, हे मला फार हृद्य वाटतं.

मध्ययुगात एक प्रवास उलट दिशेने झाला. परंपरा सांगते की 1263 मध्ये बोल्सेनाच्या सांता क्रिस्तिना चर्चमध्ये एका धर्मगुरूच्या हातातल्या पवित्र भाकरीतून रक्त ठिबकलं आणि वेदीवरच्या वस्त्रावर व दगडांवर त्याचे डाग पडले. पोप चौथा उर्बन तेव्हा ऑर्विएतोत होता. ते डागाळलेलं वस्त्र त्याच्याकडे नेण्यात आलं. 1290 मध्ये तिथे भव्य कॅथेड्रलची पायाभरणी झाली. वस्त्र आजही त्या कॅथेड्रलमध्ये आहे आणि डाग पडलेले संगमरवरी दगड बोल्सेनात.