अल्पाकापालन: लोकरीचा धंदा की जनावरांचा?

छोटंसं शेत घ्यायचं, अल्पाका हे उंटाच्या कुळातले लोकरी प्राणी पाळायचे, मुलाबाळांसह मोकळ्या हवेत राहायचं आणि घरही त्यावरच चालवायचं, ही कल्पना अमेरिकेत रुजली ती १९८४ मध्ये दक्षिण अमेरिकेतून अल्पाकांची आयात सुरू झाल्यावर. अँडीज पर्वतात मात्र या प्राण्यावर हजारो वर्षं संसार चालत आले आहेत.

पेरूच्या पठारावर चार हजार मीटरच्या वर शेती जवळजवळ संपते. तिथल्या लोकांनी सहा-सात हजार वर्षांपूर्वी विकुन्या हा रानटी प्राणी माणसाळवला, त्यातून अल्पाका घडला. मादी साडेअकरा महिन्यांनी एकच पिल्लू देते आणि बहुधा सकाळीच विते. रात्रीच्या गोठवणाऱ्या थंडीआधी पिल्लाचं अंग सुकलं, तरच ते जगतं.

इंकांच्या राज्यात या लोकरीचं ‘कुंबी’ हे तलम कापड राजघराण्यासाठी आणि देवकार्यासाठी विणलं जाई. १५३२ मध्ये स्पॅनिश आले आणि पुढच्या शतकात बहुतेक कळप नष्ट झाले. नुकसान केवळ संख्येचं नव्हतं. दक्षिण पेरूत एल याराल इथे सापडलेल्या, सुमारे हजार वर्षांपूर्वीच्या अल्पाकांच्या सुकून टिकलेल्या शरीरांवरची लोकर आजच्यापेक्षा तलम आणि एकसारखी आहे. पिढ्यान् पिढ्या निवड करत जपलेलं वाण त्या पडझडीत गेलं, हे मला सगळ्यात जास्त लागतं.

बाहेरच्या जगात या लोकरीला भाव आला तो इंग्लंडमुळे. १८३६ च्या सुमारास ब्रॅडफर्डच्या टायटस सॉल्ट या कापड कारखानदाराने लिव्हरपूलमध्ये पडून असलेले लोकरीचे गठ्ठे घेतले आणि सुती ताण्यावर (उभ्या धाग्यांवर) अल्पाकाचा बाणा (आडवा धागा) टाकून चकचकीत कापड काढलं. आपल्याकडे जुन्या पिढीतले वकील-मास्तर अल्पाकाचा कोट घालत, तो याच कापडाचा. मागणी वाढली तशी जिवंत जनावरं पळवण्याचा मोहही वाढला. पेरूची निर्यातबंदी चुकवून चार्ल्स लेजर या इंग्रज व्यापाऱ्याने १८५८ मध्ये अडीचशेवर प्राणी सिडनीला नेले, पण तो प्रयोग फसला.

अमेरिकेतला किमतींचा फुगा मात्र बरीच वर्षं टिकला, कारण तिथे कमाई लोकरीवर नव्हतीच. पैदाशीची मादी हजारो डॉलरना घ्यायची आणि तिची पिल्लं पुढच्या हौशी कुटुंबाला विकायची. १९९८ मध्ये अल्पाकांची वंशनोंद ठेवणाऱ्या संस्थेने आयात जनावरांना दार बंद केलं, त्यामुळे टंचाई कायम राहिली. करसवलती आणि दूरचित्रवाणीवरच्या जाहिराती होत्याच. सायटोन आणि सेक्स्टन या कॅलिफोर्नियातल्या अर्थशास्त्रज्ञांनी हिशेब मांडून सांगितलं होतं, की लोकरीच्या उत्पन्नातून या किमती कधीच निघणार नाहीत. २००८ च्या मंदीनंतर नवे गिऱ्हाईक आटले आणि अनेकांना जनावरं नाममात्र किमतीत, काहींना तर फुकट द्यावी लागली.

पेरूतल्या कुटुंबांची अडचण उलटी आहे. तिथे कमाई लोकरीचीच, पण दलाल तलम-जाडी एकत्र करून वजनावर घेतो. पुढे अरेकिपा शहराच्या गिरण्यांत बायका नुसत्या बोटांच्या स्पर्शाने तिची प्रत लावतात आणि खरी किंमत तिथून पुढे चढते. म्हणून तिथल्या काही सहकारी संस्था आता गावातच प्रतवारी करून लोकर विकतात.