दोनशे कॅसेटी, आठ तारा

रविवारी सकाळी पार्ल्याच्या काकांचा फोन. "अरे, नेटचा शंभर मेगाबिटांचा प्लॅन काढून तीनशेचा घेतला, तरी मेलं 43 तासच दाखवतंय. फसवलं बघ मला."

काका निवृत्त झाल्यापासून एकच उद्योग करतात. घरातल्या कॅसेटी डेकवर लावायच्या, लॅपटॉपवर उतरवून घ्यायच्या. रेडिओवरून टेप केलेली गाणी, घरगुती बैठका, कोणाच्या तरी मुंजीतला गोंधळ, सगळं. 90 मिनिटांच्या 200 कॅसेटी झाल्या. आता तो ऐवज बेडरूममधल्या लॅपटॉपवरून हॉलमधल्या जुन्या पीसीच्या 4 टीबी डिस्कवर न्यायचा होता. अंतर पंधरा पावलं. वेळ 43 तास.

फसवलं कोणीच नव्हतं. प्लॅन इंटरनेटचा, आणि ही फाइल इंटरनेटवर जातच नाही. लॅपटॉपवरून राउटरला, राउटरवरून पीसीला, संपला प्रवास. हॉलमधली साखर स्वयंपाकघरात न्यायला हायवेवर किती लेन आहेत याने काय फरक पडणार? तरी हा गैरसमज इतका पक्का आहे की 'घरात नेट स्लो आहे' म्हटलं की पहिला सल्ला प्लॅन वाढवण्याचाच मिळतो.

आधी सामान मोजू. काकांनी कोणाचा तरी व्हिडिओ बघून 24 बिट, 96 किलोहर्ट्झवर रेकॉर्ड केलं. म्हणजे सेकंदाला 96,000 नमुने, प्रत्येक नमुना 24 बिटांचा, डावा आणि उजवा असे दोन चॅनल. गुणाकार केला की सेकंदाला 46 लाख बिट, मिनिटाला साधारण साडेचौतीस मेगाबाइट, एका कॅसेटला 3.1 गिगाबाइट. 200 कॅसेटींचे 622 गिगाबाइट. नेटवर्कचा वेग बिटांत सांगतात आणि फाइल बाइटांत मोजतात, एका बाइटात 8 बिट. त्यामुळे '100 मेगाबिट' ऐकायला दणदणीत वाटलं तरी फार तर साडेबारा मेगाबाइट. काकांच्या पडद्यावर वेग दिसत होता सेकंदाला 4 मेगाबाइट. 622 गिगाबाइट भागिले 4, बरोबर 43 तास. हिशेब चोख होता. प्रश्न एवढाच की राउटरच्या खोक्यावर छापलेलं मोठ्ठं आकडेवारीचं इंद्रधनुष्य गेलं कुठे?

ते रांगेत उभं होतं. ही रांग मला फार आवडते, म्हणून जरा थांबतो.

सोसायटीची वार्षिक सर्वसाधारण सभा आठवा. माइक एकही नाही, हॉल एकच, बोलायचं सगळ्यांना. दोघं एकदम बोलले तर इतिवृत्त लिहिणाऱ्या सेक्रेटरीला दोघांचंही कळत नाही. वायफाय म्हणजे अशी सभा, फक्त सभासद सभ्य. बोलण्याआधी प्रत्येक जण ऐकतो. शांतता असेल तर आणखी क्षणभर थांबतो, मनातल्या मनात एक आकडा धरतो आणि उलटे मोजत शून्यावर आला की बोलतो. मोजताना दुसऱ्या कोणी तोंड उघडलं तर मोजणी तिथेच गोठवतो, तो गप्प झाला की पुढे चालू. आकडा प्रत्येकाचा वेगळा, कारण सगळेच '3' पासून मोजू लागले तर सगळे एकदमच बोलतील. तरीही टक्कर झालीच तर पुढचा आकडा आधीपेक्षा मोठ्या टोपलीतून उचलायचा. पहिली टोपली 0 ते 15 ची, मग 0 ते 31, मग 0 ते 63, अशी 1023 पर्यंत.

या युक्तीचं मूळ हवाईमध्ये. 1971 मध्ये नॉर्मन अब्रॅमसन यांच्या चमूने बेटाबेटांवरच्या टर्मिनलांना रेडिओने विद्यापीठातल्या संगणकाशी जोडलं. तिथे ऐकण्याची अट नव्हती. बोलून मोकळं व्हायचं, पोच आली नाही तर थोड्या वेळाने पुन्हा बोलायचं. त्यावरूनच 1973 मध्ये बॉब मेटकाफ यांना इथरनेट, म्हणजे संगणक तारेने जोडायची पद्धत, सुचलं. इथरनेटच्या जुन्या तारेत बोलता बोलता टक्कर ओळखता यायची. वायफायला ते जमत नाही, कारण स्वतःच्या आवाजापुढे त्याला दुसऱ्याचं काही ऐकूच येत नाही. अँटेनातून निघणारा संदेश आणि पलीकडच्या खोलीतून येणारा संदेश यांच्या शक्तीत 10 कोटी पटींचा फरक सहज असतो. ढोल वाजवणाऱ्याने वाजवता वाजवता पलीकडच्या गल्लीतली कुजबूज ऐकावी तसं ते आहे. म्हणून वायफाय आधी ऐकतं, मग बोलतं, आणि प्रत्येक वाक्यानंतर समोरच्याच्या 'हं' साठी थांबतं. 'हं' आलं नाही तर वाक्य पुन्हा.

आता हे सगळं घड्याळावर लावू. आकड्यांचा कंटाळा असेल त्यांनी हा परिच्छेद गाळला तरी चालेल, पण खरी गंमत इथेच आहे. 54 मेगाबिटांचं जुनं वायफाय घ्या, 1500 बाइटांचं एक पाकीट, म्हणजे फाइलीचा एक तुकडा, पाठवा. आधीची शांतता 34 मायक्रोसेकंद. उलटी मोजणी, 9 मायक्रोसेकंदांचा एक ठोका असे सरासरी साडेसात ठोके, म्हणजे 67. घसा खाकरणं, म्हणजे 'आता बोलतोय' अशी सूचना, 20. प्रत्यक्ष माल 222. मग 16 ची उसंत, आणि समोरच्याचं 'हं' 28. बेरीज 387. तेवढ्या वेळात गेले 12,000 बिट, म्हणजे खरा वेग 31 मेगाबिट. 54 मधले 23 पाळी पाळण्यात गेले. आता माल दसपट वेगाने पाठवा, 540 मेगाबिटांनी. मालाचा वेळ 222 वरून 22 वर येतो, पण बाकीचे 165 आहेत तिथेच राहतात. बेरीज 187, खरा वेग 64. वेग दसपट केला, हाती आलं दुप्पट! यावर 2009 च्या वायफायने उतारा काढला. एकदा पाळी आली की एकच पाकीट पाठवायचं नाही, 40 पाकिटांची मोळी बांधायची आणि सगळ्यांचं मिळून एकच 'हं' घ्यायचं. मग तोच हिशेब 450 मेगाबिटांच्या पुढे जातो. अँटेना तीच, भिंतीही त्याच, फक्त रांगेत उभं राहणं कमी झालं.

मोळी नीट पोचली तर, हं. सिग्नल अशक्त असला की राउटर वेग उतरवतो, मोळ्या लहान करतो आणि रांग पुन्हा लांबते.

काकांकडे या रांगेत आणखी गर्दी होती. लॅपटॉप वायफायवर आणि पीसीही वायफायवर, डोंगल लावून. म्हणजे प्रत्येक पाकीट हवेतून दोनदा जाणार, एकदा लॅपटॉप ते राउटर, पुन्हा तेच राउटर ते पीसी, आणि दोन्ही वेळा त्याच हवेत पाळी लावून. वेग तिथेच अर्धा. त्यात काका 2.4 गिगाहर्ट्झवर. रेडिओलहरींच्या त्या पट्ट्यात एकमेकांच्या अंगावर न येणारी चॅनल तीनच, 1, 6 आणि 11. मी काकांच्या बेडरूममध्ये उभा राहून फोनवर यादी काढली तेव्हा 31 नेटवर्क दिसली, त्यातली 10 सहा नंबरावर. आता ही 10 नेटवर्क काही डाउनलोड करत नसली तरी गप्प नसतात. प्रत्येक राउटर सेकंदाला सुमारे दहा वेळा 'मी इथे आहे, माझं नाव हे' असं ओरडतो, आणि जुन्यात जुन्या यंत्रालाही कळावं म्हणून बरेचदा अगदी सावकाश, 1 मेगाबिटने. 250 बाइटांची आरोळी 2 मायक्रो नव्हे, 2 मिलिसेकंद खाते. दहा राउटर, प्रत्येकाच्या दहा आरोळ्या, झाला एका सेकंदाचा पाचवा हिस्सा खलास. कोणी एक बिट कामाचं बोललेलं नाही अजून.

मुंबईच्या इमारतीत शेजारी बदलता येत नाहीत, पट्टा बदलता येतो. 5 गिगाहर्ट्झवर चॅनल जास्त आहेत आणि त्याला भिंती जास्त अडवतात. शेजाऱ्यांचा गोंगाट बाहेर ठेवायला तेच तर हवं. मात्र तुमच्याच दोन खोल्यांमध्ये कॉलम आणि बीम असतील तर तुमचंही अडतं.

काकांनी राउटरमागे स्वयंपाकघरातला चंदेरी फॉइल लावला होता, फॉरवर्ड वाचून. फॉइल लहरी परतवतो हे खरं, पण एका बाजूला वाढलं ते दुसऱ्या बाजूला घटलं, आणि दुसऱ्या बाजूलाच पीसी होता. राउटरवर एक गोल 'किरणोत्सर्गरोधक' स्टिकरही होतं. ते खरंच लहरी अडवत असतं तर वायफाय बंद पडलं असतं. चालतंय, म्हणजे स्टिकर खोटं. याहून वरचा कळस म्हणजे गाणं 'अधिक उबदार' ऐकू यावं म्हणून विकल्या जाणाऱ्या हजारो रुपयांच्या लॅन, म्हणजे इथरनेटच्या, केबली. अहो, इथरनेटच्या प्रत्येक पाकिटाला 32 बिटांची तपासणीची शेपटी असते. जुळली नाही तर पाकीट फेकून देतात आणि फाइल कॉपी करताना ते पुन्हा मागवतात. फाइल पोचते ती जशीच्या तशी. तारेने तिला ऊब लागत नाही.

साधी केबल मात्र हवी. ती काकांकडे होतीच. कधीकाळी इलेक्ट्रिशियनने हॉलच्या खिडकीतून बाहेर काढून बेडरूमच्या खिडकीतून आत घेतलेली, आता वापरात नसलेली. दोन्ही टोकं लावली. वेग 4 वरून 11 मेगाबाइट. काका खूश, 43 चे पावणेसोळा तास झाले. मी नाखूश. 11 हा आकडा फार ओळखीचा आहे, 100 मेगाबिटांची जोडणी झाली की नेमका हाच दिसतो. दोन्ही यंत्रांचे पोर्ट तर 1000 मेगाबिटांचे.

लॅन केबलमध्ये आठ तारा, चार जोड्या: नारिंगी, हिरवी, निळी, तपकिरी. 100 मेगाबिटांना नारिंगी आणि हिरवी पुरते. 1000 ला चारही लागतात, प्रत्येक जोडीवर 250, तेही दोन्ही दिशांनी एकाच वेळी. वायफायला जे जमत नाही ते तारेत जमतं. समोरचा आवाज 10 कोटी पटींनी क्षीण झालेला नसतो, त्यामुळे चिप आपण काय बोललो ते वजा करते आणि उरलेलं ऐकते. ना रांग, ना उलटी मोजणी. पण एक जोडी गेली की बहुतेक यंत्रं गुपचूप 100 वर उतरतात आणि तक्रार करत नाहीत.

टेस्टर लावला. दिवे ओळीने लागले, 1, 2, 3, 4, 5, 6, आणि सात अंधारात, मग 8. सात म्हणजे तपकिरी पट्ट्याची पांढरी तार. बेडरूमची सरकती खिडकी रोज जिथे बंद होते, तिथे केबल चपटी झाली होती. खालच्या दुकानातून कॅट-6 जातीची नवी केबल आणली, या वेळी दारावरून फिरवली.

110 मेगाबाइट. दीड तासाच्या जरा वर.

बारीकसारीक फाइली हजारोंनी असतील तर एवढ्याने भागत नाही. प्रत्येक फाइल उघडण्या-बंद करण्याच्या वाटाघाटीत वेळ जातो, तेव्हा त्या एका मोठ्या फाइलीत गुंडाळून न्याव्यात. काकांच्या फाइली मोजक्या आणि अगडबंब, तो त्रास नव्हता. झिप करून लहान होतील का, असं त्यांनी विचारलं. फारशा नाहीत. संगीतासाठी झिपपेक्षा फ्लॅक बरं, ते पुढचा नमुना काय असेल याचा अंदाज बांधतं आणि फक्त चूक तेवढी लिहून ठेवतं. सुराचा अंदाज बांधता येतो, कॅसेटच्या खरखरीचा येत नाही. आणि 24 बिटांतले खालचे अर्ध्याहून जास्त बिट खरखरीनेच भरलेत. साध्या कॅसेटची झेप, म्हणजे खरखरीपासून सर्वांत मोठ्या आवाजापर्यंतचं अंतर, 50-60 डेसिबल, एका बिटाला 6 डेसिबल, म्हणजे नऊ-दहा बिटांत काम होतं. सीडीचे 16 बिट आणि 44.1 किलोहर्ट्झ भरपूर झाले असते, 622 ऐवजी 190 गिगाबाइट.

"म्हणजे परत करू?" काकांनी कपाळाला हात लावला.

परत नाही, आहे त्याचंच रूपांतर होतं. पण ते ऐकायला काका थांबले नव्हते. कॉपी चालू असतानाच पीसीवर त्यांनी नुकतीच पोचलेली एक फाइल लावली होती. तानपुऱ्यामागे कुकरची शिट्टी झाली, आणि मागून काकूचा आवाज आला, चाळीस वर्षांपूर्वीचा, "गॅस बंद करा हो!"