पूर्वस्थापित सॉफ्टवेअर (लॅपटॉप)

नवा लॅपटॉप ग्राहकाच्या हाती पडण्यापूर्वी उत्पादकाने त्याच्या हार्ड डिस्कवर, एसएसडीवर किंवा मदरबोर्डवरील चिपमध्ये बसवून दिलेल्या सॉफ्टवेअरला पूर्वस्थापित सॉफ्टवेअर म्हणतात. ऑपरेटिंग सिस्टीम, यंत्राच्या भागांचे ड्रायव्हर (ते भाग चालवणारे प्रोग्रॅम), उत्पादकाची स्वतःची साधने, ठरावीक दिवस चालणाऱ्या अँटिव्हायरसादी चाचणी आवृत्त्या आणि पैसे घेऊन जागा दिलेली ॲप्स यांचा त्यात समावेश होतो. प्रस्तुत नोंद लॅपटॉपपुरती मर्यादित असून मोबाइल फोनवरील ॲप्सचा प्रश्न वेगळ्या करारांतून उद्भवलेला असल्याने तो येथे घेतलेला नाही.

उगम : ही प्रथा केव्हा सुरू झाली याविषयी मतभेद आहेत आणि ते बहुतांशी व्याख्येमुळे उद्भवलेले आहेत. रॉममध्ये, म्हणजे मजकूर कायमचा साठवलेल्या चिपमध्ये, कोरलेली प्रोग्रॅम लिहिण्याची भाषाही पूर्वस्थापित मानली, तर आरंभ १९७७ पर्यंत मागे नेता येतो. त्या वर्षी आलेल्या ॲपल-२, कमोडोर पेट आणि टीआरएस-८० या तिन्ही संगणकांत बेसिक ही भाषा रॉममध्येच होती आणि ती वेगळी भरावी लागत नसे. दुसरे मत ऑस्बोर्न-१ या यंत्राला मान देते. एप्रिल १९८१ मध्ये १,७९५ डॉलरना विक्रीस आलेल्या, सुमारे ११ किलो वजनाच्या या ‘उचलून नेण्याजोग्या’ संगणकाबरोबर सीपी/एम ही ऑपरेटिंग सिस्टीम, वर्डस्टार हा मजकूरलेखनाचा व सुपरकॅल्क हा हिशेबाचा प्रोग्रॅम आणि बेसिकच्या दोन आवृत्त्या मिळत. (त्याचे निर्माते ॲडम ऑस्बोर्न यांचे बालपण तमिळनाडूत गेले आणि २००३ मध्ये कोडाईकनाल येथे त्यांचे निधन झाले, हा तपशील विषयाला थोडा सोडून असला, तरी भारतीय वाचकासाठी नोंदवण्याजोगा आहे.) मात्र हे सारे सॉफ्टवेअर फ्लॉपीवर येई. ते यंत्रासोबत दिलेले होते, यंत्रात बसवलेले नव्हते, आणि या दोन गोष्टींत गल्लत झाल्यामुळेच ऑस्बोर्नला हा मान मिळाला असावा.

लॅपटॉपच्या घराण्यातच पूर्वज शोधायचा तर १९८३ चा टीआरएस-८० मॉडेल १०० आणि १९८४ चा एचपी-११० ही दोन यंत्रे अधिक जवळची ठरतात. पहिल्यात मजकूरलेखन, पत्ते, वेळापत्रक आणि दूरसंपर्क यांचे प्रोग्रॅम बेसिकसह रॉममध्ये होते. दुसऱ्यात मायक्रोसॉफ्टची एमएस-डॉस ही ऑपरेटिंग सिस्टीम आणि लोटस १-२-३ हा हिशेबाचा प्रोग्रॅम ही दोन्ही रॉममध्ये होती. म्हणजे यंत्र एका कंपनीचे, ऑपरेटिंग सिस्टीम दुसरीची आणि हिशेबाचा प्रोग्रॅम तिसरीचा ही आज परिचित असलेली वाटणी तेथे पूर्ण झालेली दिसते. या नोंदीचा कल या तिसऱ्या मताकडे आहे. ऑगस्ट १९८१ मधील आयबीएमचा पर्सनल कॉम्प्युटर या वादात अनेकदा आणला जातो, पण त्यात ऑपरेटिंग सिस्टीम बसवलेली नसे. ती वेगळी विकत घ्यावी लागे. पीसी-डॉस, सीपी/एम-८६ आणि यूसीएसडी पी-सिस्टीम असे तीन पर्याय आयबीएमने जाहीर केले होते. पीसी-डॉसची किंमत ४० डॉलर आणि सीपी/एम-८६ ची २४० डॉलर ठेवल्यावर ग्राहकाची निवड व्यवहारात फारशी उरली नाही, हे वेगळे.

दर प्रोसेसरमागे शुल्क : आयबीएमनेच १९८३ मध्ये १० मेगाबाइटच्या हार्ड डिस्कसह आणलेल्या एक्सटी या प्रारूपानंतर हार्ड डिस्क हळूहळू सर्रास झाली आणि कारखान्यातच सॉफ्टवेअर भरून देणे शक्य झाले. परंतु शक्य असलेली गोष्ट नियम कशी बनली, याचे उत्तर तंत्रापेक्षा करारांत सापडते. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात मायक्रोसॉफ्टने अनेक उत्पादकांशी असे करार केले की, करारात नोंदलेल्या प्रोसेसरचे जितके संगणक कारखान्याबाहेर पडतील, तितक्यांचे शुल्क द्यायचे, मग त्यांत एमएस-डॉस बसवलेली असो वा नसो. साहजिकच डीआर-डॉससारखी दुसरी सिस्टीम बसवू पाहणाऱ्या उत्पादकाला दोन्हींचे पैसे मोजावे लागत. अमेरिकी न्याय विभागाच्या जुलै १९९४ मधील तक्रारीनुसार उत्पादकांना विकल्या गेलेल्या एमएस-डॉसच्या प्रतींमध्ये अशा करारांचा वाटा १९८९ मध्ये सुमारे २० टक्के होता, तो १९९३ पर्यंत सुमारे ६० टक्क्यांवर गेला. तक्रारीबरोबरच झालेल्या तडजोडीत मायक्रोसॉफ्टने ही पद्धत सोडण्याचे मान्य केले. न्यायाधीश स्टॅन्ली स्पोर्किन यांनी फेब्रुवारी १९९५ मध्ये ती तडजोड नामंजूर केली, अपील न्यायालयाने जूनमध्ये त्यांचा निर्णय फिरवला आणि ऑगस्ट १९९५ मध्ये ती अखेर मंजूर झाली. त्याच महिन्यात विंडोज ९५ बाजारात आली, त्यामुळे डॉसच्या करारांबाबतचा हा निकाल हाती आला तोवर मूळ प्रश्न जुना झाला होता.

हे करारच विंडोजच्या सार्वत्रिकतेचे कारण होते की त्या सिस्टीमवर चालणाऱ्या प्रोग्रॅमांची विपुलता, यावर अभ्यासकांत एकमत नाही. १९९८ मध्ये अमेरिकी सरकार व अनेक राज्यांनी मायक्रोसॉफ्टविरुद्ध दाखल केलेल्या दाव्यात न्यायालयाने प्रोग्रॅमांच्या विपुलतेला महत्त्व दिले. तरीही उत्पादकांना पहिला पडदा आणि डेस्कटॉप बदलू न देणाऱ्या अटींवरही तेथे बराच खल झाला. बीओएस या सिस्टीमचे उदाहरण या संदर्भात बोलके आहे. हिताचीने जपानमध्ये विकलेल्या काही संगणकांत विंडोजबरोबर बीओएसही बसवलेली होती, पण यंत्र सुरू केल्यावर तिचा पर्याय दिसतच नसे. सूचना वाचून ती खटपटीने उघडावी लागे. बीओएस बनवणाऱ्या बी कंपनीने २००२ मध्ये मायक्रोसॉफ्टवर दावा लावला आणि २००३ मध्ये, मायक्रोसॉफ्टने दोष मान्य न करता, २.३२५ कोटी डॉलरवर तो मिटला. तोवर कंपनीचा व्यवसाय उरला नव्हता.

परवान्याची तांत्रिक बाजू : लॅपटॉपबरोबर येणारा विंडोजचा परवाना ‘ओईएम’ प्रकारचा असतो, म्हणजे तो व्यक्तीला नव्हे तर त्या यंत्राला, व्यवहारात मदरबोर्डला, जोडलेला असतो. विंडोज ७ पर्यंत २५ अक्षरांची परवाना-किल्ली छापलेला चिकटपत्ता लॅपटॉपच्या पोटाला लावलेला असे. मांडीवर घासून दोन-तीन वर्षांत त्यावरची अक्षरे पुसली जात आणि दुरुस्तीवाल्याकडे गेल्यावरच मालकाला त्याची आठवण होई. २०१२ मधील विंडोज ८ पासून ही किल्ली मदरबोर्डच्या फर्मवेअरमध्ये (चिपमधील, यंत्र सुरू करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) ‘एमएसडीएम’ नावाच्या तक्त्यात लिहिली जाते. डिस्क बदलली तरी ती शाबूत राहते आणि विंडोज पुन्हा बसवताना आपोआप वाचली जाते. याचा एक कमी परिचित परिणाम असा की, तक्त्यात होम आवृत्तीची किल्ली असेल तर प्रो आवृत्तीचा पर्याय असलेल्या माध्यमावरूनही इन्स्टॉलर काही न विचारता होमच बसवतो. ते टाळण्यासाठी माध्यमात एक छोटी मजकूर-फाइल ठेवून आवृत्ती सांगावी लागते. लॅपटॉपवर विंडोजऐवजी लिनक्स ही मुक्त सिस्टीम बसवली तरी हा तक्ता जागेवरच असतो आणि तेथूनही वाचता येतो.

फर्मवेअरमधील दुसरा, ‘डब्ल्यूपीबीटी’ नावाचा तक्ता अधिक वादग्रस्त ठरला. त्यात उत्पादकाला एक प्रोग्रॅम ठेवता येतो आणि विंडोज सुरू होताना तो डिस्कवर उतरवून चालवते. चोरीला गेलेल्या लॅपटॉपचा माग लावणाऱ्या सॉफ्टवेअरसाठी ही सोय उपयुक्त आहे, परंतु तिच्यामुळे ‘फॉरमॅट मारला की सगळे साफ’ हा सर्वसाधारण समज खरा राहत नाही. लेनोवोच्या काही लॅपटॉपांत याच मार्गाने कंपनीचा प्रोग्रॅम परत येत असल्याचे २०१५ मध्ये उघड झाले आणि कंपनीने तो काढणारे फर्मवेअर दिले. त्याच वर्षी फेब्रुवारीत गाजलेले लेनोवोचेच सुपरफिश प्रकरण याहून गंभीर होते. जाहिराती दाखवण्यासाठी बसवलेल्या सुपरफिश या प्रोग्रॅमने स्वतःचे मूळ प्रमाणपत्र (ज्याच्या आधारे संगणक संकेतस्थळे खरी मानतो ते) विंडोजमध्ये घातले होते, आणि सर्व यंत्रांवर त्याची खाजगी किल्ली (प्रमाणपत्रावर सही करण्याचा गुप्त संकेत) एकच असल्यामुळे ती हाती लागलेल्या कोणालाही बँकेच्या संकेतस्थळाचे बनावट रूप उभे करणे शक्य होते. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनबरोबर २०१७ मध्ये लेनोवोची तडजोड झाली. नोव्हेंबर २०१५ मध्ये डेलच्या काही यंत्रांवरही तशाच स्वरूपाचे प्रमाणपत्र आढळले होते. ते जाहिरातींसाठी नव्हे, तर ग्राहकसेवेच्या सोयीसाठी घातलेले होते.

चाचणी आवृत्त्यांसाठी सॉफ्टवेअर कंपन्या उत्पादकांना मोबदला देतात, हे सर्वमान्य आहे. त्यामुळे लॅपटॉप ग्राहकाला प्रत्यक्षात किती स्वस्त पडतो, यावर मात्र वाद आहे. २००८ मध्ये सोनीने काही व्हायो लॅपटॉपांवर असे सॉफ्टवेअर न टाकण्यासाठी सुमारे ५० डॉलर आकारण्याचे ठरवले आणि टीका होताच हे शुल्क मागे घेतले. हा आकडा म्हणजे त्या सॉफ्टवेअरच्या जागेचे भाडेच, असा अर्थ काही जण काढतात. तो थोडा ओढून काढलेला वाटतो.

नकार व परतावा : लॅपटॉप पहिल्यांदा सुरू करताना दिसणारा विंडोजचा परवाना-करार अमान्य असल्यास परताव्यासाठी उत्पादकाशी संपर्क साधावा, असे वाक्य त्या करारात पूर्वीपासून असे. त्याच्या आधारे १५ फेब्रुवारी १९९९ रोजी कॅलिफोर्नियात फॉस्टर सिटी येथील मायक्रोसॉफ्टच्या कार्यालयावर लिनक्स वापरणाऱ्यांनी विंडोजचे पैसे परत मागण्यासाठी मोर्चा नेला. पैसे मिळाले नाहीत, कारण परतावा उत्पादकाने द्यायचा असे उत्तर मिळाले. फ्रान्समधील एका ग्राहकाने सोनीविरुद्ध लढवलेल्या प्रकरणात युरोपीय न्यायालयाने ७ सप्टेंबर २०१६ रोजी असा निर्वाळा दिला की, सॉफ्टवेअरविना तेच प्रारूप घेण्याचा पर्याय न देणे ही बाब आपोआप अनुचित व्यापारी प्रथा ठरत नाही आणि प्रत्येक प्रोग्रॅमची वेगळी किंमत न छापणे म्हणजे दिशाभूल नव्हे. इटलीत मात्र ग्राहकांच्या बाजूने निर्णय झाले आहेत.

विंडोजेतर पर्याय : ऑक्टोबर २००७ मध्ये आलेल्या असूसच्या ७ इंची ईई-पीसीवर झँड्रॉस लिनक्स होते. त्याच वर्षी मे महिन्यात डेलने उबुंटू बसवलेली प्रारूपे विकण्यास आरंभ केला. छोट्या, स्वस्त लॅपटॉपांचा हा बाजार हातचा जाऊ नये म्हणून मायक्रोसॉफ्टने एप्रिल २००८ मध्ये त्यांच्यापुरती विंडोज एक्सपीची मुदत वाढवली, आणि थोड्याच काळात त्यांतील बहुतेक यंत्रे एक्सपीवर गेली. जून २०११ पासून आलेली, गूगलच्या सिस्टीमवर चालणारी क्रोमबुक अमेरिकेतील शाळांत स्थिरावली. ॲपलच्या लॅपटॉपांत यंत्र आणि सिस्टीम एकाच कंपनीची असल्याने निवडीचा प्रश्न तेथे या स्वरूपात येत नाही.

भारतातील दुकानांत ‘डॉसवाला लॅपटॉप’ या नावाने ओळखला जाणारा प्रकार स्वतंत्र उल्लेखास पात्र आहे. त्यातील डॉस म्हणजे मायक्रोसॉफ्टची जुनी सिस्टीम नव्हे, तर जिम हॉल यांनी १९९४ मध्ये सुरू केलेल्या प्रकल्पातून आलेली, २००६ मध्ये १.० आवृत्तीला पोचलेली फ्रीडॉस. ती घालण्याचे कारण मायक्रोसॉफ्टच्या करारातील ‘रिकामे यंत्र विकू नये’ ही अट असे एक मत आहे. यंत्र चालते हे दाखवण्याची सोय आणि विंडोजचे शुल्क वाचवणे एवढेच कारण दुसरे मत मानते. पहिले कारण आरंभापुरते आणि दुसरे आजच्या विक्रीपुरते खरे असावे. फ्रीडॉस बायोस या जुन्या प्रकारच्या फर्मवेअरवर चालणारी असल्याने यूईएफआय हे नवे फर्मवेअर असलेल्या आजच्या लॅपटॉपवर ती थेट सुरू होऊ शकत नाही. म्हणून एचपीच्या काही प्रारूपांत प्रत्यक्षात एक छोटे लिनक्स सुरू होते आणि त्याच्यावर आभासी यंत्रात (सॉफ्टवेअरने उभ्या केलेल्या संगणकात) फ्रीडॉस चालवून काळ्या पडद्यावर तिचा मेनू दाखवला जातो. एवढा खटाटोप केलेली ही सिस्टीम ग्राहक बहुधा एकदाही वापरत नाही. दुकानदार विंडोज ‘टाकून देतो’ आणि त्या प्रतीला परवाना असतोच असे नाही. असूसने भारतात काही काळ एंडलेस ओएस या लिनक्सवर आधारित सिस्टीमसह लॅपटॉप विकले. सी-डॅक या केंद्र सरकारच्या संगणक संस्थेने २००७ पासून वितरित केलेली बॉस लिनक्स ही भारतीय सिस्टीम दुकानातील लॅपटॉपांवर क्वचितच दिसते.

देवनागरीची सोय : अक्षरसंचही पूर्वस्थापित सॉफ्टवेअरच असतात, हे संदर्भग्रंथांत सहसा नोंदवलेले नसते. विंडोज २००० बरोबर आलेला मंगल हा देवनागरी फॉन्ट मुंबईच्या एनसीएसटी या सरकारी सॉफ्टवेअर संशोधन संस्थेतील सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी घडवला. युनिकोडमधील मराठी मजकूर अनेकांनी प्रथम त्यातच पाहिला. विंडोज ८ पासून मेनूंसाठी निर्मला यूआय हा फॉन्ट वापरात आला. मराठी उच्चारानुसार टंकलेखन करण्याचा कळफलक २०१९ च्या विंडोज १० मध्ये अंतर्भूत झाला, त्यापूर्वी इनस्क्रिप्ट हा सरकारी प्रमाण कळफलक तेवढा होता. विंडोज १० पासून मंगल मूळ संचात नाही. मराठी किंवा हिंदी भाषा जोडली की तो आपोआप उतरतो, एरवी ‘देवनागरी सप्लिमेंटल फॉन्ट्स’ ही जोडणी सेटिंग्जमधून मागवावी लागते. तोपर्यंत मंगलमध्ये जुळवलेले जुने परिपत्रक नव्या लॅपटॉपवर दुसऱ्याच फॉन्टमध्ये उघडते आणि त्याच्या ओळी व पाने सरकतात.