गुणतालिका (फुटबॉल)

गुणतालिका : साखळी स्पर्धेतील (लीग; हिच्यात प्रत्येक संघ इतर सर्वांशी खेळतो) क्लबांचा क्रम दाखवणारा तक्ता. सामने, विजय, बरोबरी, पराभव, केलेले व खाल्लेले गोल, गोलफरक (या दोहोंची वजाबाकी) आणि गुण असे तिचे रकाने. जगातील सर्वांत जुनी फुटबॉल लीग इंग्लंडमध्ये १८८८ साली १२ क्लबांनी सुरू केली. पहिल्या हंगामात प्रेस्टन नॉर्थ एंड एकही सामना न हरता विजेता ठरला. कलकत्ता लीग १८९८ पासूनची. ती जिंकणारा पहिला भारतीय क्लब मोहम्मडन स्पोर्टिंग. त्याने १९३४ ते १९३८ अशी सलग पाच विजेतेपदे मिळवली.

पूर्वी विजयाला २ आणि बरोबरीला १ गुण मिळे. एक सामना जिंकून दुसरा हरलेला आणि दोन्ही सामने बरोबरीत सोडवलेला, असे दोन्ही संघ तेव्हा सारखेच ठरत. त्यामुळे चढाई करण्यापेक्षा गोल वाचवत बसणे परवडे. इंग्लंडने १९८१ मध्ये विजयाला ३ गुण दिले, १९९४ च्या विश्वचषकात तोच नियम आला आणि पुढे सगळीकडे रुळला. गुण सारखे झाले की बहुतेक ठिकाणी गोलफरक पाहतात, काही स्पर्धांत आधी त्या दोन संघांमधले आपसातले सामने. १९८८-८९ मध्ये इंग्लंडच्या लीगमध्ये आर्सेनल व लिव्हरपूल या दोघांचे गुण ७६ आणि गोलफरकही ३७ होता. आर्सेनलने ७३ आणि लिव्हरपूलने ६५ गोल केले होते, म्हणून विजेतेपद आर्सेनलकडे गेले.

ग्रामीण विदर्भात : खेड्यापाड्यांत कबड्डी आणि व्हॉलीबॉलचा जोर मोठा, फुटबॉल त्यामानाने थोडा. जिथे तो आहे तिथे सामने भरतात ते बहुधा बाद पद्धतीने, म्हणजे हरला तो घरी. कारण हिशेबाचे आहे. १६ संघांची बाद स्पर्धा १५ सामन्यांत उरकते, तेवढ्याच संघांच्या साखळीला १२० सामने लागतात. पहिलीला दोन-चार दिवस आणि गावची वर्गणी पुरते. दुसरीला कायमचे मैदान, पंच, दर आठवड्याचे गाडीभाडे आणि अख्खा मोकळा हंगाम हवा. पावसाळ्यात शेतीची कामे, दिवाळीच्या आगेमागे पूर्वेकडे धानाची कापणी आणि पश्चिमेकडे कापूस वेचणी. मग हा मोकळा हंगाम आणायचा कुठून? कापणी झालेल्या बांध्या (धानाची शेते) किंवा शाळेचे पटांगण साफ करून फक्की मारली आणि बांबूचे गोलखांब रोवले की मैदान तयार होते, पण ते पुढच्या पिकापर्यंतच.

मधला मार्ग म्हणजे चार-चार संघांचे गट. एका गटात सहाच सामने होतात, त्यामुळे तालिका वहीच्या एका पानावर मावते. अशा छोट्या तालिकेत एक मोठा विजय सारे गणित फिरवू शकतो. गटातला दुसरा सामना आधीच संपला असेल आणि शेवटच्या सामन्यात दोन्ही संघांना बरोबरी पुरेशी असेल तर खेळ थंडावतो. म्हणून गटातले अखेरचे दोन्ही सामने एकाच वेळी ठेवणे चांगले. मैदान एकच असल्याने गावात हे क्वचितच जमते.

क्लबांचा इतिहास : साखळीत चौथ्या-पाचव्या स्थानावर राहणाऱ्या क्लबाचीही नोंद दरवर्षी होते. बाद स्पर्धेत नोंद उरते ती विजेत्या-उपविजेत्याची, तीही मंडळाच्या कपाटातल्या शिल्डवर कोरलेली. उपांत्य फेरीत हरलेला संघ लोकांच्या बोलण्यातच राहतो. गावच्या क्रीडा मंडळांचा इतिहास लिहू पाहणाऱ्याला हीच मोठी अडचण. जुन्या पावत्या, छायाचित्रे आणि वयस्कर खेळाडूंच्या आठवणी एकमेकांशी ताडून पाहाव्या लागतात, आणि आठवणीत पराभव लवकर गळतात.

विदर्भात सलग तालिका सापडते ती नागपूरच्या आसपास. तिथे नागपूर जिल्हा फुटबॉल असोसिएशन विभागवार लीग भरवते, आणि ही संघटना मुंबईच्या वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशनच्या छत्राखाली येते. १८२१ साली छावणी वसलेल्या कामठीत फुटबॉलची जुनी परंपरा असून तेथील रब्बानी क्लब या लीगमधला ओळखीचा संघ आहे. २००१ मध्ये नागपुरात विजय बारसे यांनी झोपडपट्टीतल्या मुलांसाठी सुरू केलेला 'स्लम सॉकर' उपक्रम वेगळ्या वाटेचा. त्याचा भर क्लबापेक्षा मुलांना खेळायला आणण्यावर आहे.

ठरलेल्या वेळी संघ मैदानावर आलाच नाही तर सहसा प्रतिस्पर्ध्याला ३-० असा विजय देतात. गाव लांब असेल आणि टेम्पो वाटेत बंद पडला असेल, तर आयोजक आधी फोन करतात. थोडा वेळ थांबण्याची तयारी समोरच्या संघालाही दाखवावी लागते. हा समजूतदारपणा नियमांच्या कागदावर नसतो. तालिकेतला ३-० मात्र खेळून मिळवलेल्या विजयाइतकाच मोजला जातो.